डिस्क गेली, की तिच्यापर्यंतची वाट बिघडली? साठवणीतील संवादाच्या चुका आणि त्यांतून सावरणे

शिरोलीकर_फाउंड्री (सोमवार, रात्री ९.१०)

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची लहान फाउंड्री आहे आणि तिथल्या संगणकांची देखभाल मीच करतो. पॅटर्न व कोअर बॉक्सची सर्व ड्रॉइंग, ग्राहकांना दिलेले तपासणी अहवाल आणि हिशेबाच्या फाइल एका लिनक्स सर्व्हरवर आहेत. त्यात ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क मिरर पद्धतीने जोडलेल्या आहेत, म्हणजे दोहोंवर सतत एकच माहिती लिहिली जाते. सोयीसाठी त्यांना 'अ' आणि 'ब' म्हणतो.

गेले पंधरा दिवस मोठी फाइल कॉपी करताना सर्व्हर मध्येच अर्धा मिनिट थांबायचा आणि मग काही झालेच नाही असा पुढे चालू लागायचा. गेल्या गुरुवारी दुपारी 'अ' डिस्क मिररमधून आपोआप बाहेर पडली आणि तेव्हापासून सगळे काम एकट्या 'ब' वर चालले आहे. तपासायला आलेल्या तंत्रज्ञांचे मत असे पडले की 'अ' गेली आहे; तरी ती एकदा फॉरमॅट करून पुन्हा मिररमध्ये घालून पाहू, नाही चालली तर नवी घेऊ. उद्या सकाळी ते त्यासाठी येणार आहेत. परंतु रात्री नोंदी चाळल्यावर मला शंका आली. 'अ' च्या स्मार्ट अहवालात, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिच्यात, १९९ क्रमांकापुढे, म्हणजे युडीएमए सीआरसी एरर काउंटपुढे, २,३१८ हा आकडा आहे. मात्र ५, १९७ आणि १९८ या तिन्हींपुढे शून्य आहे. 'ब' चे उलट आहे. तिच्या १९९ पुढे शून्य आहे, पण १९७ पुढे ८ आहेत. सर्व्हरच्या नोंदवहीत 'हार्ड रिसेटिंग लिंक' (दुवा तोडून नव्याने जोडत आहे) ही ओळ शेकडो वेळा आली आहे, आणि एके ठिकाणी साटाचा, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या दुव्याचा, वेग ६ गिगाबिटवरून ३ गिगाबिटवर उतरवल्याची नोंद आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि कारखान्यापर्यंत पोहोचणेच अशक्य झाले, तेव्हापासून सर्व माहितीची एक प्रत मी घरी ठेवतो. पण शेवटची प्रत चार महिन्यांपूर्वीची आहे. या आकड्यांचा अर्थ कोणी समजावून सांगेल का, आणि उद्या तंत्रज्ञांना काय सांगावे?

राजारामपुरी_दुरुस्ती (सोमवार, रात्री १०.०५)

सर्वप्रथम एक कळकळीची विनंती करतो. 'अ' डिस्क कोणालाही फॉरमॅट करू देऊ नका आणि तूर्तास ती मिररमध्ये परतही घालू नका. कारण शेवटी सांगतो, आधी आकडे पाहू.

जुन्या पेढ्यांवरील दिवाणजी मोठी आकडेमोड झाली की नवाचा ताळा पाहत असत. अंकांची बेरीज करत करत एकच अंक उरेपर्यंत आणायचे आणि दोन्ही बाजू जुळतात का ते बघायचे. सीआरसी हा त्याच जातीचा ताळा आहे. मदरबोर्डवरचा कंट्रोलर साटा केबलमधून माहितीचा तुकडा पाठवतो, तेव्हा त्या तुकड्यातले सगळे बिट मिळून एक प्रचंड संख्या आहे असे मानून तिला ठरलेल्या भाजकाने भागतो आणि उरलेली ३२ बिटांची बाकी तुकड्याच्या शेवटी जोडून देतो. डिस्क तोच भागाकार स्वतः करून पाहते. बाकी जुळली तर पोच देते, न जुळल्यास तुकडा नाकारते. डिस्ककडून संगणकाकडे माहिती येते तेव्हाही हेच उलट दिशेने घडते. नवाच्या ताळ्यात एक उणीव होती. ६३ च्या जागी ३६ लिहिले तरी ताळा जुळायचा, कारण अंक कोणत्या जागी आहे याला त्यात किंमतच नव्हती. सीआरसीत जागेलाही किंमत असल्यामुळे अशी अदलाबदल सुटत नाही, आणि सलग ३२ बिटांच्या आत झालेला बिघाड तर हमखास पकडला जातो.

१९९ पुढचा आकडा ही अशा न जुळलेल्या ताळ्यांची मोजदाद आहे. तो चकतीवरचे लिखाण बिघडल्याचे सांगत नाही. वाटेत बिघडल्याचे सांगतो. चकतीच्या प्रकृतीविषयी बोलतात ते ५, १९७ आणि १९८ हे आकडे, आणि 'अ' मध्ये ते तिन्ही शून्य आहेत. म्हणून माझा पहिला संशय केबलवर, दुसरा कनेक्टरवर आणि तिसरा मदरबोर्डच्या त्या पोर्टवर राहील. डिस्क या यादीत त्यांच्या मागे येते. आमच्याकडे 'गेली' म्हणून आणलेली डिस्क नुसती केबल बदलल्यावर ठणठणीत चालल्याचे मी कितीतरी वेळा पाहिले आहे. हे लक्षात असू द्या की १९९ चा आकडा कधीही खाली येत नाही. नवी केबल लावल्यावर तो शून्य होण्याची वाट पाहू नये, त्याची वाढ थांबली का एवढेच पाहावे.

आता फॉरमॅट का करू नये ते सांगतो. 'ब' च्या १९७ पुढे ८ आहेत, म्हणजे ८ सेक्टर तिला वाचता आलेले नाहीत आणि त्यांचा निर्णय तिने राखून ठेवला आहे. 'ब' ही सध्या आपली एकमेव चालू प्रत आहे. त्या ८ सेक्टरांत जे काही होते त्याची शाबूत प्रत दुसरीकडे कुठे असेल, तर ती 'अ' वर आहे. 'अ' पुसून 'ब' वरून भरायला घेतली की भरणे त्या जागेपाशी येऊन अडेल, आणि तोपर्यंत 'अ' वरची चांगली प्रत आपण स्वतःच्या हाताने घालवलेली असेल.

शिरोलीकर_फाउंड्री (मंगळवार, सकाळी ७.३०)

आपले मनापासून आभार. तंत्रज्ञांना फोन करून आजचे काम थांबवले आहे. त्यांनीही ते समजून घेतले.

सर्व्हर बंद करून पेटी उघडली. 'अ' ची साटा केबल वीजपुरवठ्याच्या तारांबरोबर प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधलेली होती आणि झाकणाखाली दाबली जाऊन तिला जवळजवळ काटकोनात घडी पडली होती. त्याहून वाईट म्हणजे डिस्ककडचे टोक बोटाने हलवले की सैल हलत होते, कारण त्या केबलला अडकवायची क्लिपच नव्हती. ही पेटी मीच जोडली होती, त्यामुळे दोष माझाच आहे. क्लिप असलेली नवी केबल आज आणतो.

दूरध्वनी_निवृत्त (मंगळवार, सकाळी ११.२०)

मी आयुष्यभर दूरसंचार क्षेत्रात काम केले, त्यामुळे या प्रश्नाकडे मी दोन टोकांमधल्या संभाषणाचा प्रश्न म्हणून पाहतो. तार कितीही चांगली असली तरी कधीतरी शब्द चुकीचा ऐकू येणारच, असे गृहीत धरूनच यंत्रणा उभी करावी लागते. मग तीन प्रश्न उरतात. चूक झाली हे कळते का, कळल्यावर काय करायचे, आणि तेवढ्याने भागले नाही तर त्यापुढे काय?

कळण्याविषयी वर लिहून झालेच आहे. ऐतिहासिक भर म्हणून एवढे सांगतो की रिचर्ड हॅमिंग हे बेल लॅब्जमध्ये असताना शनिवार-रविवारी रिले संगणकावर आपली कामे लावून जात. यंत्राला चूक आढळली की ते काम सोडून पुढच्या कामाला लागे आणि सोमवारी यांच्या हाती काहीच पडत नसे. यंत्राला चूक झाली हे कळते, तर ती नेमकी कुठे झाली हे का कळू नये, या वैतागातून त्यांचा चूक दुरुस्त करणारा कोड जन्मला, जो १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. आज सर्व्हरच्या इसीसी रॅममध्ये ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवून एका बिटाची चूक जागीच दुरुस्त करतात आणि दोन बिटांची चूक निदान ओळखतात, ते त्याच कल्पनेचे विस्तारित रूप आहे.

परंतु तारेवरच्या चुकीसाठी जागीच दुरुस्ती करण्यापेक्षा पुन्हा मागणे बहुधा स्वस्त पडते, कारण मूळ प्रत पाठवणाऱ्याकडे अजून असतेच. यात एक बारकावा आहे, ज्याकडे फारसे लक्ष जात नाही. समजा संगणकाने डिस्कला लिहायला माहिती पाठवली, डिस्कने ती लिहिली, पण पोच वाटेत हरवली. आता संगणकाला कळायला मार्ग नाही की लिहिले गेले की नाही. खतावणीत अशी शंका येऊन तीच रक्कम पुन्हा जमा धरली, तर हिशेब चुकतो. डिस्कच्या बाबतीत तसे होत नाही, कारण आज्ञा 'अमुक क्रमांकाच्या जागी हाच मजकूर ठेव' अशी असते. ती दोनदा पाळली तरी परिणाम एकच राहतो. साठवणीतला फेरप्रयत्न निर्धोक आहे, तो या रचनेमुळे.

फेरप्रयत्नानेही भागले नाही की यंत्रणा पायरीपायरीने कठोर होत जाते. आधी तीच आज्ञा पुन्हा दिली जाते, मग दुवा तोडून नव्याने जोडला जातो, मग वेग कमी केला जातो, आणि अखेरीस ते साधन वगळले जाते. आपल्या नोंदवहीत या चारही पायऱ्या क्रमाने दिसतात. विंडोज एक्सपीच्या काळात हाच प्रकार वेगळ्या रूपात भेटायचा. साटाच्या आधीच्या आयडीई वाहिनीवर अशा सहा चुका जमल्या की विंडोज वेग एक पायरी उतरवत असे आणि शेवटी पीआयओ या अगदी संथ पद्धतीवर येऊन थांबत असे. डिस्क चांगली असूनही संगणक मुंगीच्या पावलांनी चालायचा, आणि लोक विषाणू शोधत बसायचे.

उद्यमनगर_व्हीएमसी (मंगळवार, दुपारी ३.४५)

काकांनी पुन्हा मागण्याविषयी लिहिले, म्हणून जिथे पुन्हा मागण्याची सोयच नाही अशा जागेचे उदाहरण देतो. उद्यमनगरात अजूनही अनेक जुन्या व्हीएमसी (प्रोग्रॅमवर चालणारी धातू कापण्याची मशीन) आहेत, ज्यांची स्वतःची स्मृती इतकी तोकडी आहे की मोठा प्रोग्रॅम त्यात मावत नाही. मग संगणकावरून आरएस-२३२ च्या तारेने प्रोग्रॅम ओळीओळीने सोडत राहायचे आणि मशीनने ते घेत घेत जॉब कापायचा. तिथे दर अक्षरामागे ताळा म्हणून पॅरिटीचा, म्हणजे १ ची संख्या सम की विषम हे पाहण्याचा, एकच बिट असतो. एक बिट उलटला तर मशीनला कळते आणि ती अलार्म देऊन थांबते. ती ओळ पुन्हा पाठवायला मात्र सांगत नाही.

दोन बिट उलटले तर मात्र ते तिला कळतही नाही. ३ हा अंक ०११००११ असा जातो आणि ५ हा ०११०१०१ असा. दोन्हींत १ चार वेळा येतो, म्हणून पॅरिटी दोन्हींची सारखीच. शेजारचे दोन बिट उलटले की ३ चा ५ होतो, ताळा जुळतो आणि कटर दोन मिलिमीटर भलतीकडे जातो. त्यामुळे आमच्याकडे अशी तार शक्य तितकी आखूड ठेवतात, शील्ड एकाच टोकाला अर्थ करतात आणि अलार्म आला की वेग अर्ध्यावर आणतात.

शिरोलीकरांना माझा प्रश्न आहे की इंडक्शन फर्नेसची हीट (विजेच्या भट्टीत धातू वितळवण्याची एक फेरी) चालू असतानाच हे रिसेट येतात का? भट्टीचा त्रास तारेत शिरत असेल असे मला वाटते.

दूरध्वनी_निवृत्त (मंगळवार, सायंकाळी ५.१०)

उदाहरण उत्तम दिलेत. भट्टीविषयी मात्र घाई करू नये असे मला वाटते. साटाच्या तारेत प्रत्येक दिशेला दोन वाहक असतात आणि संदेश त्यांच्यातील फरकावरून ओळखला जातो. बाहेरचा त्रास दोन्हींवर सारखाच पडला तर तो फरकात बहुतांशी नाहीसा होतो. शिवाय तार धातूच्या पेटीच्या आत आहे. आपल्याकडे प्रत्येक बिघाडाचे खापर वीज मंडळावर नाहीतर भट्टीवर फोडण्याची सवय आहे, पण घडी पडलेली सैल केबल डोळ्यांसमोर असताना आधी ती बदलून आकडा पाहावा. वाढ थांबली नाही तर रिसेटच्या वेळा आणि हीटच्या वेळा शेजारी शेजारी मांडून पाहता येतील.

कळंबा_लिनक्स (मंगळवार, रात्री ९.००)

शिरोलीकरांच्या पहिल्या मजकुरात एक खूण आहे, जिच्याकडे अजून कोणी वळलेले नाही. अर्धा मिनिट! लिनक्सचे कर्नल (प्रणालीचा गाभा) डिस्कला आज्ञा दिल्यावर उत्तरासाठी मुळात ३० सेकंद थांबते. सीआरसीची चूक असेल तर नकार लगेच येतो आणि खोळंबा क्षणभराचा असतो. पूर्ण ३० सेकंद गेले याचा अर्थ उत्तरच आले नाही. हे दोन कारणांनी होते. एक तर दुवा इतका तुटला की संभाषणच थांबले. किंवा डिस्क एखादा अवघड सेक्टर वाचण्यासाठी आतल्या आत झटत होती आणि तिला बोलायला सवड नव्हती. घरगुती डिस्क अशी झटापट मिनिटभर किंवा त्याहून अधिक करू शकते. कर्नलला वाटते की समोरचा मुका झाला, म्हणून ते दुवा तोडते, आणि वाचण्याच्या बेतात असलेली डिस्क मिररमधून हाकलली जाते. यात चूक दोघांचीही नसते. दोघांच्या थांबण्याच्या वेळा मात्र जुळत नाहीत.

सर्व्हरसाठीच्या डिस्कमध्ये म्हणूनच ७ सेकंदांत हात टेकण्याची सोय असते. ७ सेकंदांत सेक्टर वाचता आला नाही की डिस्क 'नाही जमले' असे स्पष्ट सांगते आणि मिरर तो मजकूर दुसऱ्या डिस्कवरून घेऊन त्या जागी पुन्हा लिहितो. स्मार्टसीटीएल या साधनाने ही मर्यादा तपासता येते आणि डिस्क ऐकत असेल तर ७ सेकंद अशी लावताही येते. ऐकत नसेल तर कर्नलचे थांबणे ३० वरून १८० सेकंदांपर्यंत वाढवावे. यांतले काहीही न करणे ही सर्वांत वाईट निवड आहे.

शिरोलीकर, आपली अर्ध्या मिनिटाची थांबणी 'अ' च्या पोर्टवरची होती की 'ब' च्या, हे नोंदवहीत पाहाल का? माझा अंदाज आहे की काही तरी 'ब' ची असतील.

आणखी एक सुचवतो. 'ब' च्या त्या ८ सेक्टरांवर शून्ये लिहिली की डिस्क त्या जागा एक तर पुन्हा वापरात घेईल किंवा बदलून देईल, आणि १९७ चा आकडा शून्यावर येईल. मग मिरर पुन्हा उभारता येईल.

राजारामपुरी_दुरुस्ती (मंगळवार, रात्री ९.३५)

वेळांविषयी आपण लिहिलेले मला पूर्ण मान्य आहे, परंतु शेवटच्या सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे. शून्ये लिहिल्यावर आकडा शून्य होईल, पण तिथला मजकूर कायमचा गेला असेल आणि तो कोणाचा होता हेही कळणार नाही. आकडा सुधारणे आणि माहिती वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत.

मी करीन तो क्रम असा. ४ टीबी किंवा त्याहून मोठी नवी डिस्क आणावी, तिला 'क' म्हणू. सर्व्हर लाइव्ह पेन ड्राइव्हवरून, म्हणजे पेन ड्राइव्हवरच्या स्वतंत्र लिनक्सवरून, चालू करावा, म्हणजे मिरर सुरूच होणार नाही. जीएनयू डीडीरेस्क्यू वापरून 'ब' ची प्रत 'क' वर काढावी आणि त्याचा मॅपफाइल (काय वाचले आणि काय राहिले याची नोंद) वेगळ्या ड्राइव्हवर ठेवावा. हे साधन आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उचलते आणि अडलेल्या जागा शेवटी घेते, त्यामुळे थकलेल्या डिस्कवर ताण कमी पडतो. १५० मेगाबाइट प्रतिसेकंद असा वेग धरला तरी ४ टीबीला साडेसात तास लागतील, तेव्हा हे काम रात्री लावून घरी जावे. अडलेली जागा उरलीच, तर तोच मॅपफाइल आणि तीच 'क' ठेवून स्रोत म्हणून 'अ' द्यावी. डीडीरेस्क्यू फक्त तेवढीच राहिलेली जागा 'अ' वरून आणेल. मात्र दोन्ही डिस्कांवर मिररच्या माहितीची सुरुवात एकाच ठिकाणी आहे का, हे एमडीएडीएम या मिरर सांभाळणाऱ्या साधनाच्या तपासणीत आधी पाहून घ्यावे.

एक सावधगिरी मात्र फार महत्त्वाची आहे. 'अ' गुरुवारी थांबली आहे. ती जागा ज्या फाइलची आहे ती गुरुवारनंतर बदलली असेल, तर 'अ' वरचा तुकडा शिळा ठरेल आणि नव्या फाइलच्या पोटात जुना तुकडा बसेल. म्हणून फाइल कोणती हे आधी शोधावे आणि मगच तो तुकडा आणावा.

या सगळ्या काळात एफएससीके किंवा विंडोजवर चेकडिस्क यांसारखी दुरुस्तीची साधने अजिबात चालवू नयेत. वाचता न आलेली जागा त्यांना बिघडलेली दिसते आणि ती तिथल्या नोंदी छाटून टाकतात. वाट बिघडलेली असताना घराची डागडुजी करायला घेतल्यासारखे ते होते.

कळंबा_लिनक्स (मंगळवार, रात्री ९.५०)

आपले म्हणणे बरोबर आहे. माझी सूचना मी मागे घेतो; कोणी त्यानुसार करू नये.

संगणक_अध्यापिका (बुधवार, सकाळी १०.१५)

मी पदवीच्या वर्गाला संगणकरचना शिकवते. वरील क्रमाच्या आधी एक पायरी घालावी असे मला वाटते, आणि ती म्हणजे रॅमची तपासणी. डिस्कवरून येणारा प्रत्येक तुकडा 'क' वर जाण्यापूर्वी रॅममध्ये उतरतो. साटाचा ताळा केबलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच लागू असतो. रॅममध्ये एखादा बिट उलटला तर कंट्रोलर त्या चुकलेल्या मजकुराचाच नवा ताळा काढतो आणि तो 'क' कडे बिनचूक जुळतो. शिरोलीकरांच्या सर्व्हरमध्ये इसीसी रॅम नसेल, तर प्रत काढण्याआधी एक रात्र मेमटेस्ट चालवणे योग्य ठरेल. डेटा सेंटरमधील रॅमविषयी गूगलच्या यंत्रांवर केलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका वर्षात ८ टक्क्यांहून अधिक रॅम पट्ट्यांवर चुका नोंदल्या गेल्या होत्या. त्याआधीच्या समजुतीपेक्षा हे प्रमाण बरेच जास्त होते.

विद्यार्थी नेहमी विचारतात की डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅममध्ये इसीसी आलेच आहे, मग वेगळी इसीसी रॅम कशाला? डीडीआर५ च्या चिपच्या पोटात १२८ बिटांमागे ८ तपासबिट असतात हे खरे, परंतु ते चिपच्या आतल्या पेशींपुरतेच आहेत. चिपमधून बाहेर पडून प्रोसेसरपर्यंत जाणाऱ्या वाटेचे रक्षण ते करत नाहीत. त्या वाटेसाठी वेगळी व्यवस्था लागते. डीडीआर४ पासून आज्ञा व पत्ता यांच्यासाठी पॅरिटी आणि लिखाणासाठी सीआरसी अशी सोय आहे. ताळा चुकला की चिप अलर्ट नावाची तार खाली ओढते, पॅरिटी चुकलेली आज्ञा पाळतच नाही, आणि मेमरी कंट्रोलरने आपल्या रांगेत जपून ठेवलेले काम पुन्हा पाठवायचे असते. हे सर्व प्रत्येक संगणकात चालू असतेच असे नाही. सर्व्हरमध्येच ते प्रामुख्याने आढळते.

एनव्हीएमई एसएसडीची वाट साटाऐवजी पीसीआय एक्सप्रेस या मदरबोर्डवरच्या जलद मार्गावरून जाते. तिथे पाठवणारा प्रत्येक पुडका पोच येईपर्यंत आपल्या साठ्यात जपून ठेवतो आणि नकार आला की तिथूनच पुन्हा पाठवतो. वरच्या थरांना याचा पत्ताही लागत नाही. दुरुस्त झालेल्या चुकांचे इशारे नोंदवहीत मोठ्या संख्येने दिसू लागले, तर एसएसडी काढून तिचे संपर्क आणि स्क्रू पाहावा. मोठ्या साठवण-यंत्रणांत तर ५१२ बाइटांमागे ८ बाइटांची चिठ्ठी जोडतात, जिच्यात ताळ्याबरोबर तो मजकूर कोणत्या जागेचा आहे हेही लिहिलेले असते. कारण मजकूर शाबूत असून भलत्याच जागी लिहिला गेला, तर नुसता ताळा ते सांगू शकत नाही.

रंकाळा_फोटो (बुधवार, दुपारी १.००)

विषयाला थोडा फाटा फुटेल, पण विचारतो. लग्नाच्या फोटोंचे एसडी कार्ड संगणकाला लावले की अर्धे फोटो कॉपी झाल्यावर कार्ड दिसेनासे होते. कॅमेऱ्यात मात्र सगळे फोटो दिसतात. हाही संवादाचाच बिघाड म्हणावा का?

राजारामपुरी_दुरुस्ती (बुधवार, दुपारी १.२५)

कॅमेऱ्यात दिसत असतील तर तीच शक्यता मोठी आहे. एसडी कार्डाच्या संभाषणात आज्ञेला ७ बिटांचा आणि मजकुराला १६ बिटांचा ताळा असतो. कार्ड रीडरचे संपर्क मळले की तो चुकत राहतो. कार्डावरची लिहिण्याची कडी बंद करावी, दुसरा रीडर घेऊन लांबवणारी वायर किंवा हब न वापरता थेट संगणकाच्या मागच्या पोर्टला लावावा. विंडोजने कार्ड फॉरमॅट करायचे का असे विचारल्यास नाही म्हणावे. सर्व फोटो दोन ठिकाणी उतरल्याशिवाय त्या कार्डावर नवे फोटो काढू नयेत.

शिरोलीकर_फाउंड्री (बुधवार, रात्री ८.४०)

सर्वांना एकत्रित उत्तर देतो. नवी केबल लावली, ती वीजतारांपासून वेगळी नेली आणि लाइव्ह पेन ड्राइव्हवरून 'अ' ची पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत नुसती वाचणी केली. एकही रिसेट आला नाही आणि १९९ चा आकडा २,३१८ वरच राहिला. या वेळात दोन हीट झाल्या, त्यामुळे भट्टीवरचा संशय तूर्त दूर ठेवतो.

कळंब्याच्या मित्रांचा अंदाज खरा निघाला. ३० सेकंदांची तीन थांबणी 'ब' च्या पोर्टवरची होती आणि तिन्ही एकाच सेक्टर क्रमांकाभोवती. म्हणजे दोन वेगळे बिघाड एकाच वेळी चालू होते, आणि केबलच्या शेकडो ओळींच्या गर्दीत या तीन ओळी माझ्या नजरेतून निसटल्या. दर महिन्याला मिररची आपोआप होणारी तपासणी मी गेल्या वर्षी बंद केली होती, कारण त्या दिवशी सर्व्हर हळू चालतो अशी कार्यालयातून तक्रार यायची. ती चालू असती तर 'अ' जाग्यावर असतानाच 'ब' ची ती जागा दुरुस्त झाली असती.

आज रात्री मेमटेस्ट लावतो आहे आणि उद्या 'क' आणतो.

दूरध्वनी_निवृत्त (गुरुवार, सकाळी ८.०५)

पेटी उघडीच आहे तर वीजपुरवठ्याचे कनेक्टरही दाबून पाहावेत. डिस्क लिहायचा मजकूर आधी स्वतःच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या स्मृतीत) घेते आणि पोच देऊन टाकते. संदेशाची तार क्षणभर तुटली तर कॅश शाबूत राहते. पण वीज क्षणभर गेली तर पोच दिलेला, परंतु चकतीवर न उतरलेला मजकूर नाहीसा होतो, आणि संगणकाला दोन्ही प्रसंगी नुसता रिसेट दिसतो. स्मार्ट अहवालात १२ आणि १९२ हे आकडे संगणक चालू असताना वाढत असतील, तर डिस्कची वीज खंडित होत आहे असे समजावे.

शिरोलीकर_फाउंड्री (शनिवार, सायंकाळी ६.३०)

काका, १२ आणि १९२ दोन्ही स्थिर आहेत. तरीही 'अ' चा वीज कनेक्टर बदलला.

मेमटेस्टमध्ये एकही चूक निघाली नाही. गुरुवारी रात्री 'ब' वरून 'क' ची प्रत लावली आणि शुक्रवारी सकाळी पाहिले तर फक्त ४,०९६ बाइटांची एकच जागा राहिली होती. १९७ पुढचे ८ म्हणजे ५१२ बाइटांचे ८ हिशेबी सेक्टर, आणि या डिस्कमध्ये ते मिळून प्रत्यक्षातला एकच सेक्टर होतो, हे तेव्हा उमगले. 'क' वर डीबगएफएस हे फाइलींची मांडणी दाखवणारे साधन केवळ वाचण्यापुरते चालवून ती जागा कोणाची ते शोधले. एका पंप केसिंगच्या पॅटर्नचे २०१६ मध्ये स्कॅन केलेले ड्रॉइंग निघाले. त्यानंतर त्या फाइलला कोणी हात लावलेला नाही, त्यामुळे 'अ' वरचा तुकडा शिळा असण्याचा प्रश्न नव्हता. दोन्ही डिस्कांवर माहितीची सुरुवात एकाच ठिकाणी असल्याची खात्री करून त्याच मॅपफाइलने तो तुकडा 'अ' वरून आणला. हे व्हायला एक सेकंदही लागला नाही. ड्रॉइंग उघडून कागदावरच्या मूळ प्रतीशी ताडून पाहिले, सर्व मापे जुळली. घरच्या चार महिन्यांपूर्वीच्या प्रतीतील त्या फाइलचा शा-२५६ ताळाही काढला, तोही जुळला.

मिरर सुरू करण्याआधी 'ब' पेटीतून बाहेर काढली, कारण 'क' ही तिचीच हुबेहूब प्रत असल्याने एकाच ओळखीच्या दोन डिस्क एकत्र दिसल्या असत्या. 'क' वर सर्व काही ठीक असल्याचे दोन दिवस पाहीन, तोपर्यंत 'अ' ला हात लावणार नाही. त्यानंतर 'अ' मिररमध्ये येईल आणि 'ब' निवृत्त होईल. 'अ' ची ७ सेकंदांची मर्यादा लागली. 'क' मात्र ऐकत नाही, म्हणून तिच्यासाठी कर्नलचे थांबणे १८० सेकंद केले आणि संगणक चालू होताना ते आपोआप लागू होईल असे लिहून ठेवले. मासिक तपासणी पुन्हा चालू केली आहे, पण ती रविवारी सकाळी होईल असे पाहिले, म्हणजे कार्यालयाला अडचण येणार नाही.

राजारामपुरी_दुरुस्ती (शनिवार, सायंकाळी ७.१५)

फारच नीट काम केलेत. 'ब' टाकून देण्यापूर्वी निदान महिनाभर कपाटात राहू द्या. घरच्या प्रतीत आणि 'क' मध्ये काही फरक आढळला, तर तिसरी साक्ष म्हणून ती उपयोगी पडेल. जुनी केबल मात्र कापून टाका, नाहीतर उद्या ती दुसऱ्या कोणत्यातरी पेटीत जाईल.

शिरोलीकर_फाउंड्री (सोमवार, रात्री ९.०५)

केबल कापली. 'अ' आज दुपारी मिररमध्ये घेतली, भरणे रात्री आठच्या सुमारास पूर्ण झाले. तिचा १९९ चा आकडा अजूनही २,३१८ आहे.